पंधरा मिनिटं पुढे

काठमांडूत सफा टेम्पो त्रिपुरेश्वरच्या वळणावर हळू होतो. विजेवर चालणारी तीनचाकी. इंजिनाची घरघर नाही, नुसता चाकांचा आवाज. चालवणारी बाई मागे न बघताच ओरडते, "रंगशाला, रंगशाला!" आणि टेम्पो जवळजवळ रिकामा होतो. समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघे लावून बसलेले आम्ही वाकून एकेक करत बाहेर पडतो. भाडं तिच्या हातात देतो. ती नोटा न मोजताच मुठीत धरते आणि निघून जाते.

माझ्या मनगटावर तीन वाजलेत. समोरच्या औषधाच्या दुकानातल्या घड्याळात सव्वातीन. नेपाळ भारताच्या पंधरा मिनिटं पुढे चालतं. दोन दिवस झाले इथे येऊन, तरी घड्याळ लावून घ्यायचं राहिलंय. सामना सव्वापाचला आहे, म्हणजे माझ्या पाचला.

सप्टेंबर. पाऊस संपत आलाय, पण गेलेला नाही. ऊन असं, की मानेवर कुणी गरम फडकं ठेवल्यासारखं वाटतं. उत्तरेला धरहरा मनोरा दिसतो, पांढरा, नवाकोरा. जुना २०१५च्या भूकंपात कोसळला. हे मैदानही त्याच भूकंपात तडकलं होतं; २०१९च्या दक्षिण आशियाई खेळांच्या आधी ते पुन्हा बांधून काढलं. दशरथ रंगशाला. राणांच्या राजवटीने १९४१ साली ज्या चौघांना मृत्युदंड दिला, त्यांतल्या दशरथ चंद यांचं हे नाव. आत १५ हजारांच्या आसपास माणूस मावतो. बाहेर आत्ताच किती आहेत, ते कोण मोजणार?

रांगेचं टोक शोधायला दहा मिनिटं लागतात. भिंतीला लागून ती सरळ जाते, मग एका ट्रॅफिक पोलिसाला वळसा घालते, मग चहाच्या टपरीमागे नाहीशी होते. बायकांची रांग वेगळी आहे आणि ती काही फार लहान नाही. कॉलेजच्या मुली, शाळेच्या गणवेशातल्या मुली, कडेवर मूल घेतलेली एक बाई, कपाळभर लाल पट्टी बांधलेली एक आजी. फुटबॉलच्या मैदानाबाहेर बायकांची इतकी लांब रांग मी याआधी पाहिलेली नाही. आज मुलींचा सामना आहे. नेपाळ आणि भारत.

फोन वाजतो. भाऊ आहे, ठाण्याहून.

"कुठेयस? कसला आवाज येतोय?"

"मॅच आहे. इंडिया-नेपाळ."

"आज? अरे, मी तर… टी-ट्वेंटी का?"

मी सांगते. तो "हो का" म्हणतो आणि आईच्या गोळ्यांबद्दल विचारतो.

फोन ठेवते तर पुरुषांच्या रांगेतून कुणीतरी माझ्याकडे बघून हसतंय. चाळिशीचा माणूस, डोक्यावर धुवून धुवून फिकी झालेली निळी टोपी.

"ताई, तुम्ही महाराष्ट्राच्या काय?"

मराठीत. तेही कोकणच्या हेलात. मी बघतच राहते.

"मी रत्नागिरीत असतो. पावसजवळ. आठ वर्षं झाली. कलमं राखतो."

हापूसच्या बागा. दसरा-दिवाळी झाली की नेपाळातून माणसं कोकणात उतरतात. पत्र्याच्या नाहीतर गवताच्या खोपीत राहतात, रात्रभर बॅटरी मारत फिरतात, माकडं हाकतात, पेट्या भरतात आणि मिरगाच्या आत परत जातात. गावात सगळे त्यांना एकाच नावाने हाक मारतात, गुरखा. हा पश्चिम नेपाळातला. पावसाळ्यात काठमांडूत बांधकामावर असतो. दसैं, म्हणजे दसरा, गावी करायचा आणि मग पुन्हा रत्नागिरी.

"तिकीट मिळालं?" मी विचारते.

"खिडकीवर बघतो आता. मिळेल की." तो पुढे डोकावतो. "तुमचे लोक पण खेळतात चांगले हां. पण आज नाय."

त्याची रांग सरकते. तो हात करतो.

चेहरे रंगवणारा पोरगा रांगेबरोबर चालतोय. हातात ताटली, तीन रंग: गडद लाल, निळा, पांढरा. नेपाळचा झेंडा गालावर काढणं सोपं नाही. जगातल्या बाकी सगळ्या देशांचे झेंडे चौकोनी. हा एकावर एक दोन त्रिकोणांचा. वर चंद्र, खाली सूर्य. तो आधी काठाची निळी रेघ ओढतो, मग आत लाल भरतो. घामाने रंग लगेच ओघळतो. माझ्याजवळ येऊन तो थबकतो. "इंडिया?" मी मान हलवते. तो ताटलीकडे बघतो, माझ्याकडे बघतो. "त्यो रङ छैन, दिदी." तो रंग नाही. आणि पुढच्या मुलीचा गाल धरतो.

चटपटेवाल्यापाशी गर्दी आहे. कुरमुरे, कच्चे चुरलेले नूडल्स, चणे, कांदा, मिरची, वरून लिंबू. आपल्या भेळेची चुलत बहीणच, फक्त चिंच नाही. कागदाचा कोन हातात येतो. शेजारी एक म्हातारी "बदाम, बदाम" ओरडतेय. टोपलीत मात्र भाजलेल्या शेंगा. इथे शेंगदाण्यालाच बदाम म्हणतात. मी शंभराची भारतीय नोट काढते. ती उलटसुलट करून बघते. "आईसी?" भारतीय पैसा आईसी, नेपाळी पैसा एनसी. शंभराचे एकशे साठ. १९९३ पासून हा दर तसाच आहे, त्यामुळे तिला हिशेब करावा लागत नाही. माझाच अजून चाललाय.

चार वाजले. रांग इंचभर सरकते. ऊन उतरत नाही. डोक्यावरून एक विमान खूप खाली येतं, चाकं काढून, पूर्वेकडे. कुणी वर बघत नाही.

मग पुरुषांच्या रांगेत एकदम गलका. खिडकी बंद. तिकिटं संपली. लोखंडी पट्टी खाली येते, तिचा आवाज इथपर्यंत. काही जण शिव्या घालतात, काही तसेच उभे राहतात, जणू पट्टी चुकून पडलीय आणि आत्ता उचलली जाईल. निळी टोपी गर्दीत कुठेतरी दिसते. माझं तिकीट इथल्या एका मैत्रिणीने काल काढून ठेवलंय. एकच आहे. तो माझ्याकडे बघून दोन्ही हात पसरतो. मग, लांबून, ओरडून: "शेवटी गेट उघडतात! तेव्हा येतो!"

फाटकाशी तपासणी. दोन पोलीस बायका. पाण्याची बाटली बाहेर. सुटी नाणी बाहेर. लायटर असेल तर बाहेर. छत्री बाहेर. "पानी पऱ्यो भने?" पुढची मुलगी विचारते, पाऊस आला तर? पोलीस बाई हसते आणि छत्री ढिगावर टाकते. चाळीस-पन्नास छत्र्या एकमेकींत अडकून पडल्यात. माझी फोल्डिंगची, निळ्या ठिपक्यांची, त्यात जाते. पुन्हा मिळेल ही आशा मी तिथेच सोडते.

बोगद्यासारख्या जिन्यातून वर. अंधार, सिमेंटचा वास, लघवीचा वास, पावलांचा घोळका. आणि एकदम हिरवं.

हा क्षण कुठल्याही मैदानात सारखाच असतो. मडगावला १९९९च्या एप्रिल-मेमध्ये पुरुषांची दक्षिण आशियाई फुटबॉल स्पर्धा झाली होती, तेव्हा मामाच्या मागून फातोर्ड्याचा जिना चढताना असंच हिरवं दिसलं होतं. भारताने बांगलादेशला अंतिम सामन्यात २-० हरवलं. आम्ही सावंतवाडीहून एसटीने गेलेलो. घामाने कपडे पिळून निघाले होते. तेव्हा घरचे आपण होतो. पाहुणे कोण, कुठून आले, कसे राहिले, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

इथे पाहुणी मी.

पॅरापिट. इथे स्टँडला हाच शब्द आहे, नेपाळी लिहितात "प्यारापिट". पश्चिमेला छत आहे, मान्यवरांसाठी. आमच्या बाजूला आभाळ. खुर्च्या प्लास्टिकच्या, तापलेल्या. लोक वर्तमानपत्र घालून बसतात. माझ्या डावीकडे तीन मुली, उजवीकडे ढाका टोपीतले एक म्हातारबुवा. पिशवीत भाजलेलं मक्याचं कणीस, गुडघ्यावर रेडिओ. समोर मैदानाभोवती धावपट्टी, तिच्या कडेने सशस्त्र पोलीस, तोंड प्रेक्षकांकडे. बिचाऱ्यांना सामना पाठीनेच बघायचाय.

"कहाँबाट, बहिनी?" म्हातारबुवा विचारतात.

"मुंबई."

"ए…" त्यांचे डोळे बारीक होतात. रेडिओचा आवाज ते थोडा कमी करतात, पाहुण्यांसमोर करावा तसा. मग अर्धं कणीस मोडून माझ्या हातात ठेवतात.

मुली हिंदीत सुरू होतात. कोण कुठल्या पोलीस संघाची, कोण लष्कराची, कोणाचा गुडघा गेल्या वर्षी गेला, सगळं त्यांना पाठ. नेपाळातल्या बऱ्याच खेळाडू मुली लष्करात नाहीतर पोलिसात नोकरीला असतात. तिथले विभागीय संघच त्यांचं घर. त्या पगार घेतात, कवायत करतात आणि संध्याकाळी फुटबॉल.

"दिदी, तुम्हाला माहितेय का आम्ही किती वेळा फायनल हरलोय?"

माहीत आहे, पण मी विचारते, किती?

"सहा!" ती बोटं दाखवते, एका हाताची पाच आणि दुसऱ्याचा अंगठा. अभिमान की राग, कळत नाही.

२०१० साली कॉक्स बाझारला मुलींची दक्षिण आशियाई स्पर्धा सुरू झाली. २०२४ पर्यंत सात वेळा झाली. नेपाळ सहा वेळा अंतिम फेरीत. कॉक्स बाझार, कोलंबो, इस्लामाबाद, विराटनगर, इथे भारताकडून हार. मग २०२२ आणि २०२४, दोन्ही वेळा याच मैदानावर, याच पॅरापिटसमोर, बांगलादेशकडून. पहिल्या पाचही स्पर्धा भारताने जिंकल्या, आणि घरी वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर त्या कुठे होत्या हे शोधायला चष्मा लागला असता. २०२२ला बांगलादेशच्या मुली कप घेऊन ढाक्यात उतरल्या, तेव्हा त्यांच्यासाठी उघड्या छताची बस आणली होती आणि रस्ते भरले होते. त्यांच्यातल्या कितीतरी जणी मयमनसिंहकडच्या कलसिंदूर नावाच्या एका गावातल्या शाळेत खेळायला शिकल्या.

"पण २०२२ला सेमीफायनलमध्ये तुम्हाला हरवलं," दुसरी मुलगी सांगते. "एक-शून्य. इथेच. मी तिथे बसले होते, त्या खांबाजवळ." ती खांब दाखवते. खांबावर आता कुणीतरी झेंडा बांधलाय.

दोन्ही संघ बाहेर येतात. मैदानाच्या कडा उकळून उठतात. तुताऱ्या, थाळ्या, ढोल. आजूबाजूच्या इमारतींच्या गच्च्यांवर माणसं बसलीत, पाय खाली सोडून, पाण्याच्या टाक्यांना पाठ टेकून.

आपलं राष्ट्रगीत आधी. पन्नास-साठ जणांचा भारतीय घोळका समोरच्या कोपऱ्यात आहे, तिरंग्याच्या ठिपक्यावरून कळतो. इथे मी एकटी उभी आहे असं वाटतं, आणि मग दिसतं, सगळेच उभे आहेत. म्हातारबुवांनी टोपी सरळ केलीय. रेडिओ बंद. बावन्न सेकंद पुरे पॅरापिटभर कुणी बोलत नाही. मग त्यांचं गीत सुरू होतं आणि पहिल्याच शब्दाला खुर्च्या थरथरतात.

शिट्टी.

पहिली दहा मिनिटं खेळ कळत नाही, आवाजच कळतो. "नेपाल! नेपाल!" आणि मध्ये तीन टाळ्या. चेंडू नेपाळच्या पायात आला की आवाज चढतो, आपल्या पायात आला की एकदम शिट्ट्या. कुणीतरी मागून सतत "हान्, हान्!" ओरडतंय. मार, मार. तिथून गोल चाळीस मीटर लांब, तरी हान्.

भारताच्या निळ्या जर्सीत मणिपूरच्या मुली आहेत, तमिळनाडूच्या, हरयाणाच्या, झारखंडच्या. डावीकडून एक मणिपुरी पोरगी चेंडू घेऊन निघते, दोघींना चुकवते, आणि माझ्या बाजूची मुलगी नकळत म्हणते, "आम्म, राम्रो!" छान! मग जीभ चावते. "ती आमच्यासारखीच दिसते," ती मला सांगते, जणू म्हणून माफ आहे. पुण्यामुंबईत याच पोरीला रस्त्यात कुणीतरी "ए नेपाळी" म्हणून हाक मारली असेल. एकदा नाही, बऱ्याचदा. इथे ती नेपाळविरुद्ध पळतेय, आणि नेपाळी मुली तिच्या चेंडूवर जीभ चावतायत. मी हे कुणाला सांगत नाही.

कॉर्नर. उंच चेंडू येतो, गोलकीपर मुठीने बाहेर ढकलते, पुन्हा येतो, कुणाच्यातरी डोक्याला लागून आडव्या दांड्यावर आपटतो. ठण्ण. हा आवाज पंधरा हजार लोकांच्या मधूनही स्वच्छ ऐकू येतो. सगळे उभे. म्हातारबुवांचं कणीस खाली. मग दीर्घ, एकत्र सोडलेला श्वास.

काठमांडू साधारण १३०० मीटरवर आहे. सखल भागातून आलेल्या मुली अर्ध्या तासात कंबरेवर हात ठेवू लागतात. नेपाळच्या मुली ठेवत नाहीत. हे घरचं अंगण आहे.

मध्यंतर. शून्य-शून्य. माझ्या घड्याळात पावणेसहा, इथले सहा. दिवे लागलेत, त्यांच्याभोवती किडे. पाण्यासाठी खाली गेलेली मुलगी तशीच परत येते; खालची रांग तिने बघितली आणि विचार सोडला. पश्चिमेला ढग काळे झालेत. वारा एकदम गार येतो, कागदाचे कोन मैदानावर उडतात.

म्हातारबुवा वर बघतात. मग मागे, जिन्याच्या तोंडाकडे. मग डावीकडच्या जिन्याकडे. मग पुन्हा वर.

"मी आत आलो की आधी गेट बघून ठेवतो," ते म्हणतात. "कोणतं उघडं, कोणतं बंद. सवय आहे."

मी विचारत नाही. त्यांनाही सांगायचं नसतं. १२ मार्च १९८८. इथेच. तेव्हाही शेजाऱ्यांचाच सामना होता, नेपाळचा एक संघ आणि बांगलादेशचा एक. अचानक गारपीट. उघड्या पायऱ्यांवर हजारो माणसं. छत फक्त एका बाजूला. माणसं आडोशासाठी पळाली, मग दारांकडे. दारं कुलूपबंद. मागचे ढकलत राहिले, पुढच्यांना मागे येता येईना. ९३ जण गेले.

दुसरा अर्ध सुरू होतो आणि पाचव्या मिनिटाला पाऊस. गारा नाहीत. सप्टेंबरचा नेहमीचा, जाड थेंबांचा, उभा पाऊस. दिव्यांच्या झोतात तो पांढरा दिसतो. कुणी हलत नाही. झेंडे डोक्यावर येतात, वर्तमानपत्रं येतात, प्लास्टिकच्या पिशव्या येतात. गालांवरचे त्रिकोण वाहू लागतात, लाल हनुवटीपर्यंत. तिघी मुली त्यांची एकच ओढणी आमच्या पाचांच्या डोक्यावर ताणून धरतात, मी आणि म्हातारबुवा धरून. ओढणी दोन मिनिटांत भिजते. तशीच धरून ठेवतात.

फाटकावरचा छत्र्यांचा ढीग मला आठवतो. भिजत असेल.

मैदान जड होतं. चेंडू घसरत जातो, मग एकदम थांबतो. पासेस अर्ध्यावर मरतात. निळ्या मुलीला पाडलं म्हणून फ्री किक. सगळं पॅरापिट पंचांना काय काय म्हणतं. त्यातलं निम्मं मला कळतं. उरलेलं मुली सांगायला तयार नाहीत. चिखलात दोघी एकमेकींवर पडतात, उठतात, आणि निळी लाल जर्सीवालीला हात देते. टाळ्या. थोड्या, पण टाळ्या.

सत्तरावं मिनिट. पंच्याहत्तरावं. म्हातारबुवा रेडिओ कानाला लावून बसलेत. जे समोर दिसतंय तेच रेडिओवर ऐकतायत, त्यांना निवेदकाचाही शब्द हवाय. नेपाळचे कॉर्नर एकामागून एक. प्रत्येक वेळी उठायचं, प्रत्येक वेळी ओल्या खुर्चीवर बसायचं. शेवटी कुणी बसतच नाही.

आणि खालून लोखंडाचा आवाज येतो. साखळी ओढल्याचा, मग कडी. म्हातारबुवा चटकन मागे वळतात. मीही.

गेटं उघडलीत. एक, मग त्याच्या पलीकडचं, मग समोरच्या बाजूचंही. पोलीस पल्ले भिंतीला टेकवून बाजूला उभे राहतात. बाहेर जायला कुणीच उठलेलं नाही. उलट आत येतायत. दुपारपासून भिंतीबाहेर थांबलेली माणसं, पोरं, सायकल हातात धरलेला एक जण, चटपटेवाला टोपलीसकट. जिन्यावरून धावत वर, ओल्या पायऱ्यांवर घसरत, हसत. म्हातारबुवा थोडे सरकतात, जागा करतात, रेडिओ मांडीवर घेतात.

माणसांच्या त्या लोंढ्यात एक फिकी निळी टोपी दिसते. भिजून ती आता पुन्हा गडद निळी झालीय. तो पायऱ्यांवरूनच मला शोधतो, सापडते, आणि दोन्ही हातांचा कर्णा करतो. "नेपाल, नेपाल"च्या वरून त्याचा आवाज येतो, मराठीत:

"ताई! किती झाले?"